हिझाम पाटकऱ्याची थट्टा

ॲल्मेंद्रा, कॅलिफोर्निया
१४ एप्रिल २००२

प्रिय ग्लेन,

अनेक आशीर्वाद. तुला वॉशिंग्टनमध्ये नवी नोकरी लागल्याचं तुझ्या आईकडून कळलं, तुझ्याकडून नाही. ते असो. राष्ट्राध्यक्षांना कायद्याचा सल्ला देणाऱ्या माणसांत माझ्या भावाचा, काझचा मुलगा, म्हणून मी बुद्धमंदिरात दोन बायकांना मुद्दाम ऐकवलं. तिसरीने विचारलं, "म्हणजे नेमकं काय करतो?" तेव्हा मी चहाचे पेले गोळा करायला लागले. तर नेमकं काय करतोस ते कळव.

इकडे पीचची विरळणी चालू आहे. एकाहत्तराव्या वर्षी शिडीवर चढू नकोस असं सगळे सांगतात आणि कुणीही स्वतः चढत नाही.

हिझाम ओबादी आठवतो? येमेनी द्राक्षमजुराचा मुलगा, माझ्या चौथीच्या वर्गात होता. तुझ्याहून दोन वर्षांनी लहान. तो आता आपल्या भागाचा पाटकरी आहे. चौदा मैलांचा पाट, शेतांत पाणी सोडायची एकतीस दारं, प्रत्येकाची पाळी त्याला तोंडपाठ. गेल्या सप्टेंबरपासून मात्र लोक त्याच्याकडे वाकड्या नजरेने बघतात. शेरीफची गाडी पाटाच्या कडेने त्याच्या मागे मागे फिरते. हिझाम तिला हात करतो.

गेल्या आठवड्यात शेजारच्या ड्वेन फ्रीसनने पाळी नसताना दार उचललं. हिझामने ते पाडून कुलूप घातलं. ड्वेन त्याला नाही नाही ते बोलला. मग हिझाम माझ्याकडे आला, तेव्हा त्याला जरा हसवावं म्हणून मी म्हटलं, "एवढा कसला रे तुझा रुबाब? पाटकरीच ना तू?" तर पठ्ठ्या म्हणतो, "बाई, पाटकऱ्याशी जपून बोलावं. मी मनात आणलं ना, तर अख्खं गाव एका दिवसात तहानेने तडफडेल. खुद्द राष्ट्राध्यक्ष आले तरी बादली घेऊन रांगेत उभे राहतील!" मी इतकी हसले की शिडीवरून खाली उतरावं लागलं. पाळ्यांची वही तो अरबीत लिहितो. का, तर ड्वेनने डोकावलं तरी त्याला ओ की ठो कळू नये.

हे कुणाला सांगण्याची सोय नाही, ड्वेनच्या कानावर जायचं. म्हणून तुला लिहिलं.

तुझी,
फुमिये आत्या


वॉशिंग्टन
६ मे २००२

प्रिय आत्या,

उशिराबद्दल माफ कर. नेमकं काय करतो ते सांगायचं तर, मी मतं लिहितो. राष्ट्राध्यक्षांना अमुक करता येतं का, असा प्रश्न येतो. कायदा चाळून उत्तर द्यायचं. हल्ली बहुतेक उत्तरं "येतं" अशीच असतात. मंदिरातल्या तिसऱ्या बाईला एवढं पुरे.

हिझाम अंधुक आठवतो. त्याचं येमेनला जाणं-येणं असतं का अजून? शेवटचा कधी गेला, किती दिवस राहिला? त्याच्याकडे बाहेरचं कुणी येतं का? सहज विचारतोय. गाव सोडून इतकी वर्षं झाली, जुनी माणसं आठवतात.

शिडीवर चढू नकोस.

ग्लेन


ॲल्मेंद्रा
२० मे २००२

प्रिय ग्लेन,

तुला गाव आठवतं हे वाचून बरं वाटलं. वीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.

हिझाम दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात धाकट्या भावाच्या लग्नाला गेला होता. सात आठवडे राहिला. त्याच्या जागी आलेल्या माणसाने माझी दोन झाडं बुडवली, म्हणून पक्कं लक्षात आहे. त्याच्याकडे कोण येणार? बायकोचा मामा बेकर्सफील्डहून येतो आणि पत्त्यांत लबाडी करतो. बायकोचं नाव अरवा. मुलगी सहा वर्षांची, ती मला "बाबांच्या बाई" म्हणते.

इतकी चौकशी कशाला? त्याला नोकरी देतोस की काय वॉशिंग्टनमध्ये? आम्हाला न विचारता नेऊ नकोस हं. पाणी कोण सोडेल?

आत्या


ॲल्मेंद्रा
९ जुलै २००२

ग्लेन,

हिझामला नेलं.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास तो अठराव्या दाराशी होता. चार गाड्या आल्या. मी बागेतूनच पाहिलं. त्याला पालथं पाडलं, वही घेतली, गाडी घेतली. दार अर्धं उघडं राहिलं होतं. ते मी जाऊन बंद केलं.

अरवा तीन कार्यालयांत जाऊन आली. एकाने सांगितलं, तो आमच्याकडे नाही. दुसऱ्याने सांगितलं, असा कुणी माणूस कुणाकडेच नाही. तिसऱ्याने तिचाच फोटो काढून घेतला. काल टीव्हीवर कळलं. राष्ट्राध्यक्षांनी कागदावर सही करून त्याला "शत्रूचा लढवय्या" ठरवलंय, आणि तो लष्कराच्या ताब्यात आहे. कुठे, ते सांगितलं नाही. आरोप काय, तेही नाही. पोरगा इथल्या सरकारी दवाखान्यात जन्मला रे! मी त्याला पाढे शिकवलेत.

हे ड्वेनचं काम आहे. कुलूप घातल्याचा राग धरून त्याने शेरीफचे कान भरले असणार. चार दिवस झाले, तो माझी नजर चुकवतोय.

तू तिथे आहेस. त्याला कुठे ठेवलंय एवढं तरी विचार. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही.

आत्या


वॉशिंग्टन
६ ऑगस्ट २००२

प्रिय आत्या,

या प्रकरणाबद्दल मला काहीही बोलता येणार नाही. कृपा करून पुन्हा विचारू नकोस.

फक्त कायदा म्हणून सांगतो. हा फौजदारी खटला नाही, हे युद्ध आहे. युद्धात पकडलेल्यावर आरोप ठेवत नाहीत, वकील देत नाहीत. युद्ध संपेपर्यंत त्याला अडकवून ठेवतात. ती शिक्षा नसते. गेल्या वर्षी काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांना लागेल तेवढं बळ वापरायची मुभा दिली आहे. ते बळ कुठे आणि कुणावर वापरायचं, हे सेनापती म्हणून राष्ट्राध्यक्ष ठरवतात, न्यायाधीश नाही.

तू कशावर सही करू नकोस. टीव्हीवाले आले तर अरवाच्या शेजारी उभी राहू नकोस. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय.

ग्लेन


ॲल्मेंद्रा
२ सप्टेंबर २००२

ग्लेन,

तुझ्या पत्राचा एक कोपरा चिकटपट्टीने डकवलेला आला. तू डकवलास का? नसलास तर ज्याने डकवलाय त्यालाही माझा नमस्कार सांगते, तोही वाचत असेल.

तू कायदा शिकवलास, तर शिक्षिका म्हणून माझे दोन प्रश्न. युद्धभूमी कुठे आहे? अठराव्या दाराशी? आणि युद्ध संपलं हे कोण सांगणार? आपण जपानशी लढलो तेव्हा शेवटी जपानने सही केली. इथे सही कोण करणार? जो सुरू करतो तोच म्हणणार ना, अजून संपलं नाही म्हणून?

तुझ्या आजोबांची गोष्ट काझने तुला अर्धीच सांगितली असेल. फेब्रुवारी बेचाळीस. मी अकरा वर्षांची. दुपारी जेवताना सरकारची दोन माणसं आली आणि बाबाला ताटावरून उठवून नेलं. तो बागाईतदार मंडळाचा चिटणीस होता, नावांची यादी त्याच्याकडे असायची, एवढाच गुन्हा. मग राष्ट्राध्यक्षांची एक सही झाली आणि किनाऱ्यावरच्या सगळ्या जपानी वंशाच्या लोकांबरोबर आम्हीही वाळवंटातल्या छावणीत गेलो. बाबा दोन वर्षांनी परत आला. कुणी नाव सांगितलं, ते त्याला कधीच कळलं नाही. पुढे मरेपर्यंत जेवायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याकडे तो "हाच का तो?" अशा नजरेने बघायचा. सरकारचं माफीपत्र जवळजवळ पन्नास वर्षांनी आलं. ते त्याच्या फोटोला वाचून दाखवायची वेळ आली.

तीच नजर आता माझी झाली आहे. काल मी ड्वेनच्या दारात गेले आणि तोंडावर विचारलं. त्याने टोपी काढली. "मी पाणी चोरतो हो बाई, माणसं नाही," म्हणाला. नजर चुकवत होता ती लाजेने. हिझाम गेल्यापासून अरवाच्या भाजीच्या वाफ्याला तोच चारीतून पाणी देतोय. पाळी नसताना. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

मग कुणी?

आत्या


वॉशिंग्टन
११ जानेवारी २००३

प्रिय आत्या,

नाताळला येता आलं नाही.

रोज सकाळी साडेसातला आमच्याकडे पानांचा एक गठ्ठा येतो. कुठे काय शिजतंय, कोण काय बोललं, कुठल्या शहरात विष, कुठल्या पुलाखाली स्फोटकं. दहातलं एक खरं असतं, पण कोणतं ते माहीत नसतं. तो गठ्ठा तू एक आठवडा वाचलास तर मला दोष देणार नाहीस. माणसं आपल्याला वाटतात तशी नसतातही. तू त्याला चौथीत शिकवलंस. त्यानंतरची पंचवीस वर्षं तुला ठाऊक आहेत का?

ग्लेन


ॲल्मेंद्रा
१५ मार्च २००४

ग्लेन,

वर्षभर लिहिलं नाही, कारण तुझ्या पत्राने माझ्या मनात किडा सोडला. सांगायला शरम वाटते, पण काही महिने मी अरवाच्या खिडक्या मोजत होते. दिवा का लागला, का विझला. मामा आला तेव्हा त्याच्या गाडीचा नंबर मी टिपून ठेवला. हो, मी! तिने मला ईदची खीर पाठवली, आणि मी ती वास घेऊन मग खाल्ली.

आता मुद्द्याचं. वीस महिन्यांनी हिझामला वकील भेटू दिला. इनेझ बराहोना म्हणून बाई आहेत, फ्रेस्नोच्या, वाघीण आहे. तो दूर पूर्व किनाऱ्यावर नौदलाच्या तुरुंगात आहे. एकट्याची खोली, खिडकी काळी रंगवलेली. दिवस कोणता ते तो वकीलबाईंना विचारत होता. सरकारने न्यायालयात दोन पानी कागद दिलाय. वकीलबाईंनी तो मला दाखवला, कारण मी त्याची शिक्षिका. त्यात तीन गोष्टी आहेत.

एक: एकतीस दारांची माहिती सांकेतिक लिपीत टिपून ठेवली.

दोन: येमेनमध्ये सात आठवडे वास्तव्य.

तीन: शहराचं पाणी तोडून लोकांना तहानेने मारण्याची धमकी दिली, आणि त्या संदर्भात राष्ट्राध्यक्षांचा उल्लेख केला. ही माहिती "विश्वसनीय सूत्राकडून" मिळाली.

अरवा म्हणाली, "सात नाही, आठ आठवडे. पासपोर्टवर शिक्के आहेत." मी रात्री जुना हिशेब लावून पाहिला, आठच होतात. सात कुणी म्हटलं होतं, ठाऊक आहे? मी. चुकून. तुला लिहिलेल्या पत्रात.

त्या दिवशी बागेत आम्ही दोघंच होतो. ती थट्टा मी दुसऱ्या कुणापाशी बोलले नाही. विश्वसनीय सूत्र मी आहे, ग्लेन. शिडीवरची म्हातारी.

मी वकीलबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. आधी तू सांग.

फुमिये


वॉशिंग्टन
४ एप्रिल २००४

आत्या,

हे पत्र मी हाताने लिहितोय, आणि पोस्टाने न पाठवता विश्वासातल्या माणसाबरोबर पाठवतोय.

हो. मी दिलं.

तुझं पहिलं पत्र आठवडाभर खणात होतं. मग एका सकाळच्या गठ्ठ्यात पश्चिमेकडच्या कालव्यांबद्दल चार ओळी आल्या. नाव नाही, गाव नाही. मला घाम फुटला. उद्या काही झालं आणि माझ्या खणात हे पत्र सापडलं तर? मी तुला ते प्रश्न विचारले, आणि तुझी दोन्ही पत्रं एका सहकाऱ्याला दिली. वाटलं, कुणीतरी जाऊन चार प्रश्न विचारेल, हसेल, परत येईल.

आता जे सांगतो ते आईलाही माहीत नाही. राष्ट्राध्यक्षांना या देशाच्या नागरिकालाही असं धरून ठेवता येतं, आणि न्यायालयाने त्याचं कारण तपासू नये, असं मत त्याच वसंतात आमच्याकडून गेलं. चाळीस पानं. त्यातली एकतीस माझी. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कुणीतरी परका होता, हातात बंदूक असलेला. मी ते चांगलं लिहिलं, आत्या. सगळ्यांनी वाखाणलं. एकही फट राहू दिली नव्हती.

जुलैत यादीवर हिझामचं नाव पाहिलं. मी वरिष्ठांकडे गेलो. म्हटलं, ही थट्टा होती, मी त्या बाईला ओळखतो. ते म्हणाले, "असेल. पण ते तपासायचं कुणी? तुमच्याच कागदात लिहिलंय, कुणीही नाही." चूक झाली तर ती सांगायला माणसाने कुठे जायचं, ती जागाच मी बुजवून टाकली होती.

वकीलबाईंना सांगायचं ठरवलंस तर एवढं लक्षात ठेव. तुझी ती पत्रं आता गुप्त कागद आहेत. त्यांतला मजकूर उघड करणं गुन्हा ठरू शकतो. तू स्वतः केलास तरी.

ग्लेन


ॲल्मेंद्रा
२८ एप्रिल २००४

ग्लेन,

मी लिहिलेलं मीच सांगायचं नाही! छावणीतसुद्धा पहारेकरी एवढे विनोदी नव्हते.

मी सांगितलं. सोमवारी फ्रेस्नोला जाऊन शपथेवर. शिडी, बादली, सात आठवडे, सगळं. वकीलबाई लिहिता लिहिता थांबल्या आणि म्हणाल्या, "पत्र कुणाला लिहिलं होतं?" मी म्हटलं, "भाच्याला." त्यांनी नाव विचारलं. मी घरी जाऊन, विचार करून सांगते म्हटलं आणि उठून आले. इतकी वर्षं मुलांना फळ्यापुढे उभं करून "खरं सांग" म्हणणारी मी.

मग अरवाकडे गेले आणि तिला सांगितलं की नाव मी दिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. घरात घेतलं नाही. बरोबर केलं.

आता तुझी पाळी. ते मत तुझं, ती पत्रं तू दिलीस, ती थट्टा आहे हे तुला ठाऊक होतं. येऊन शपथेवर सांग. नोकरी जाईल, जाऊ दे. विरळणीला माणसं मिळत नाहीतच.

आत्या


ॲल्मेंद्रा
१० ऑक्टोबर २००४

ग्लेन,

पाच महिने तुझी वाट पाहिली.

माझी शपथ सरकारने अडवून धरली, गुप्त विषयाला हात लागतो म्हणून. तरी न्यायाधीशांनी तारीख दिली होती, येत्या गुरुवारची. सरकारने कारण दाखवावं, असं त्यांनी म्हटलं होतं. काल हिझामला विमानात बसवून येमेनला पाठवून दिलं. अट अशी की नागरिकत्व सोडायचं, परत यायचं नाही, सरकारवर दावा करायचा नाही. त्याने सही केली. वकीलबाई फोनवर म्हणाल्या, "सव्वादोन वर्षं त्या खोलीत काढल्यावर मीही केली असती." दोन वर्षं ज्याला देशाचा शत्रू म्हणत होते, त्याला हात हलवून निरोप! गुरुवारी आता काही नाही. माणूसच नाही म्हटल्यावर खटला कसला? तुझ्या कागदाला कुणाचं बोटही लागलं नाही.

अरवा मुलीला घेऊन तीस तारखेला निघते. त्याआधी ये. माझ्याकडे नाही, तिच्याकडे.

आत्या


वॉशिंग्टन
६ नोव्हेंबर २००४

प्रिय आत्या,

मी अरवाच्या घरात असताना तू अंगणात उभी राहिलीस, आणि बाहेर आल्यावर काही विचारलं नाहीस. म्हणून लिहितो.

येण्याच्या आदल्या दिवशी मी राजीनामा दिला. जाताना वरिष्ठांना विचारलं, ते मत मागे घ्याल का? ते मनापासून चकित झाले. "कशाला? कुठल्या न्यायालयाने ते चूक ठरवलंय?" वर म्हणाले, त्यानंतरच्या तीन मतांत माझ्या मताचा आधार घेतला आहे. पुढच्या राष्ट्राध्यक्षांनाही कामी येईल, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत. हे त्यांनी कौतुकाने सांगितलं.

अरवाने मला बसायला खुर्ची दिली, कारण बाकी सगळं सामान खोक्यांत होतं. मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच. माफी मागितली. मुलगी दारातून बघत होती. शेवटी अरवाने एकच विचारलं. "बाईंचं ते पत्र तुम्ही वाचलंत, तेव्हा हसला होतात का?"

मी दारातल्या मुलीकडे पाहिलं. मग म्हटलं, "हो. मोठ्याने."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं," ती म्हणाली.

त्यानंतर ती खोकी बांधायला लागली. मी उठलो, तरी तिने वर पाहिलं नाही.

ग्लेन


ॲल्मेंद्रा
१९ नोव्हेंबर २००४

ग्लेन,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

हिझामच्या पाटावर नवा माणूस आलाय. दारं उशिरा उघडतो. ड्वेन त्याला रस्ता दाखवत फिरतो.

इनेझबाई परवा येऊन गेल्या. त्याच तुरुंगात आणखी दोघं आहेत म्हणाल्या, एक मिशिगनचा, एक कुठला ते त्यांनाही सांगत नाहीत. त्या चाळीस पानांत काय लिहिलंय ते ठाऊक असलेला आणि बोलायला तयार असलेला एकही माणूस त्यांना सापडत नाही. या वेळी त्यांनी नाव विचारलं तेव्हा मी दिलं. घराचा पत्ताही दिला.

इनेझबाई येत्या सोमवारी सकाळी दहाला तुझ्या दारात येतील. चहा करून ठेव.

आत्या